तांब्यावर कोरलेले नाव

तांबे या धातूवरून तांब्या हे नाव पडले, हे उघड आहे. पण मराठी माणसाने पुढे पितळेच्या भांड्यालाही तांब्याच म्हटले, चांदीच्याही, आणि आता स्टीलच्याही. 'स्टीलचा तांब्या' म्हणताना आपल्याला काही विसंगत वाटत नाही. नाव धातूवरून निघाले आणि आकारावर जाऊन बसले. खाली फुगीर पोट, वर आखडलेला गळा आणि बाहेर वळलेला काठ एवढे दिसले की तो तांब्या. आमच्या बडोद्यात शेजारच्या गुजराती घरात तोच लोटो होतो. भाषा बदलली तरी हाताची पकड तीच राहते.

या भांड्याला १९५८ साली एका सरकारी अहवालात मानाचे पान मिळाले. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले जोडपे त्यांच्या खुर्च्यांसाठी जगप्रसिद्ध होते. पुपुल जयकर यांची आणि त्यांची ओळख १९५५ मध्ये न्यूयॉर्कला भारतीय वस्त्रे व अलंकार यांच्या प्रदर्शनाच्या वेळी झाली होती. पुढे भारत सरकारने त्यांना बोलावले. प्रश्न असा होता की देशात लहान उद्योग वाढताहेत, पण बाजारात येणाऱ्या वस्तूंचा दर्जा घसरतो आहे; तर शिक्षणाची काय व्यवस्था करावी? ईम्स दांपत्य देशभर हिंडले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. सुरुवात गीतेतल्या कर्माधिकाराच्या वचनाने आहे. यंत्रे, कारखाने, अभ्यासक्रम यांची चर्चा अपेक्षित असलेल्या त्या कागदात त्यांनी सांगितले की भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये आम्हाला सर्वांत थोर आणि सुंदर वाटलेली वस्तू म्हणजे लोटा.

कौतुक करून ते थांबले नाहीत. आज कोणाला नव्याने लोटा घडवायचा झाला तर त्याला कशाकशाचा विचार करावा लागेल, याची लांबलचक यादी त्यांनी दिली. पाणी किती मावावे? उचलणारा हात बाईचा की पुरुषाचा, आणि त्यात ताकद किती? भांडे डोक्यावर जाणार, कमरेवर की हातात? भरलेले असताना त्याचा तोल कुठे असतो आणि रिकामे झाल्यावर कुठे जातो? तोंड किती रुंद असावे, म्हणजे ओतताना धार नीट पडेल, भरताना पाणी सांडणार नाही, आणि आत हात घालून घासताही येईल? ऊन पाण्याने चटका बसेल का? डोळे मिटून धरले तर कसे लागते? आपटले तर आवाज कसा येतो? किंमत काय पडेल, आणि जुने झाल्यावर विकले तर हातात काय येईल?

हा शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा मला फार गंमत वाटली. कॅलिफोर्नियाहून आलेल्या माणसांना आमच्या आज्यांचा हिशेब बरोबर कळला होता. कासाराच्या दुकानात नवे भांडे घेताना जुन्याची मोड द्यायची ही रीत किती जुनी आहे कोण जाणे. 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग त्याच तराजूवरून भाषेत आला. घरातले तांबे-पितळ ही बाईच्या हातातली ठेव होती. दागिना विकला तर चार घरांत कळे, पण घंगाळ विकले तर कळत नसे.

ईम्स दांपत्याच्या अहवालातून अहमदाबादला १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी ती आकाराला आणली. (आम्हा बडोदेकरांना इथे थोडी मान वर करायला हरकत नाही. हाताच्या कामाला शाळा हवी हे सयाजीराव महाराजांना १८९० मध्येच सुचले होते, आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हातून कलाभवन सुरू झाले होते. दादासाहेब फाळके तिथेच शिकले.)

त्याच अहवालातले आणखी एक विधान नेहमी सांगितले जाते. लोटा कोणा एका माणसाने घडवला नाही, अनेकांनी अनेक पिढ्यांत घडवला. हे खरे आहे आणि सुंदरही आहे. पण या वाक्याचा एक धोका आहे. 'कोणी एकाने केला नाही' हे वारंवार म्हटले की ते हळूहळू 'कोणीच केला नाही' असे ऐकू येऊ लागते. प्रत्येक तांब्या कोणत्या ना कोणत्या एका माणसाने, एका दिवशी, एका ऐरणीवर ठोकला होता.

तो माणूस तांबट. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. ही मंडळी मूळची कोकणातली. पेशवाईत ती पुण्यात वसली आणि घरगुती भांड्यांबरोबर राज्याच्या गरजेची कामेही करू लागली. पत्र्याची चकती कापायची, भट्टीत तापवून मऊ करायची, ठोकून तिला खोलगट आकार द्यायचा. ठोकताना धातू कडक होतो, म्हणून पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. तांब्यासारख्या आखडत्या गळ्याच्या भांड्यात वरचा आणि खालचा भाग वेगळा घडवून पोटावर सांधत. जुना तांब्या उजेडात फिरवून पाहिला तर ती सांध्याची रेघ अजून दिसते. शेवटी मठारणे, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी एकसारखे ठोके देत जायचे. भांड्यावर जी खवल्यांसारखी नक्षी दिसते ती शोभेसाठी काढलेली नसते. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला बळ येते आणि पुढे सहजासहजी पोचा पडत नाही. मजबुतीसाठी दिलेला ठोकाच प्रकाशात चमकतो आणि नक्षी होतो. पुढच्या साऱ्या चित्रकार-शिल्पकारांना घरगुती वस्तूत जे सापडले ते मला वाटते हेच आहे. उपयोग आणि शोभा असे दोन वेगळे हिशेब इथे नव्हतेच.

ठोक्याचा आवाज इतका ओळखीचा होता की उन्हाळ्यात झाडावर बसून एकसुरी 'टुक टुक' करणाऱ्या छोट्या पक्ष्याला मराठीने तांबट हेच नाव दिले. कारागिराचे नाव पाखराला मिळाले. भांड्यावर मात्र ते कधी आले नाही. त्याकडे पुढे वळू.

तांबटानंतर भांड्याला हात लागे तो कल्हईवाल्याचा. तांबे-पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा लेप हवा. अंगणात खड्डा खणून कोळसे पेटवायचे, भात्याने फुलवायचे, भांडे तापले की नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचे. काळवंडलेले पातेले एका क्षणात आतून चांदीसारखे होई आणि भोवती जमलेली पोरे तोंड उघडे टाकून बघत. अनेकांनी आयुष्यात पाहिलेला पहिला जादूचा प्रयोग हाच असेल, आणि तो फुकट होता.

आता गणेशोत्सवाच्या निमित्ताने एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. घरातल्या वस्तूंतून कलाकृती उभी करण्याचा मान आधुनिक कलेला दिला जातो. पण भाद्रपदात ज्येष्ठा गौरी बसतात तेव्हा आपल्या घरांत काय होते? कोकणातल्या अनेक घरी नदीकाठचे खडे आणतात, कुठे तेरड्याची रोपे बांधतात. देशावरच्या घरांत मुखवटे असतात, आणि कितीतरी घरी तो मुखवटा धान्याने भरलेल्या तांब्यावर बसतो. उभ्या गौरी असतील तर खाली डबे, उतरंड, कोठी असे जे घरात असेल ते रचून अंग तयार होते, त्यावर पातळ नेसवले जाते. तांब्याचे फुगीर पोट, आखडता गळा आणि वळलेला काठ यांत कंबर, मान, खांदा कोणीतरी पहिल्यांदा पाहिला. त्या बाईने कोणत्या कलाशाळेत नाव घातले नव्हते. गुढीवर हाच तांब्या पालथा होतो आणि मस्तक बनतो. कलशात पाच पाने आणि नारळ ठेवला की तो देव होतो. मंगळागौरीच्या खेळांत सूप आणि लाटणे नाचते, नवरात्रात महालक्ष्मीपुढे घागर फुंकतात तेव्हा पाण्याचे भांडे वाद्य होते. उत्सव संपला की ही सगळी मंडळी पुन्हा स्वयंपाकघरात कामाला लागतात. कलाकृती मोडते आणि भांडे उरते, याचे कोणाला दुःख होत नाही.

पण भांडेच घरातून गेले तर? हा प्रश्न पुण्यात एका माणसाला १९२० च्या सुमारास पडला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्या घरचा चष्म्यांचा व्यवसाय होता. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. जुने वाडे पडत होते, घरे विभागली जात होती, आणि दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, फण्या, करंडे मोडीच्या भावात बाहेर पडत होते. केळकर ते उचलू लागले. संग्रह प्रथम दुकानामागच्या जागेत साठला, मग त्याने घर व्यापले. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे त्या काळीही होते. केळकरांनी बाईच्या टाचा घासायच्या वज्रीला तीच प्रतिष्ठा दिली. पत्नी कमलाबाईंची साथ नसती तर हे झाले नसते, कारण घरखर्चातला पैसा आणि घरातली जागा दोन्ही त्यातच गेली. त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षी गेला. संग्रहालयाला त्याचेच नाव आहे. पुढे हा सारा ठेवा केळकरांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात.

पुण्याला शुक्रवार पेठेत गेलात तर मस्तानी महालासाठी गर्दी असते. पण थोडा वेळ अडकित्त्यांच्या कपाटापुढे थांबा. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खिळा एवढे पुरते. तरी कोणी त्याचा मोर केला आहे, कोणी घोडा, कोणी पोपट, कोणी स्त्री-पुरुषाची जोडी. पाते उघडले की मोराची चोच उघडते, मिटले की मिटते. सुपारी कातरण्याची हालचालच इथे चित्राचा भाग झाली आहे. वज्रीत घुंगरू बसवले आहेत, म्हणजे न्हाणीघरातून पाय घासण्याचाही आवाज यावा. या वस्तू घडवणाऱ्याला त्या वापरणाऱ्याचा दिवस माहीत होता. आणि दिवे तर शेकड्यांनी: समया, लामणदिवे, निरांजने, दीपलक्ष्मी. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र केले, ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लोक अजूनही ते राजा रविवर्म्याचे समजतात. दिवाळीच्या दिवसांत स्वतःच्या मुलीच्या हातात दिवा आणि चेहऱ्यावर त्याचा उजेड पाहून हळदणकरांना ते सुचले. चित्रात ज्योत बोटांआड आहे. जे दिसते ते उजेडाचे काम.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टील घराघरांत आले. या बदलाबद्दल गळे काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. चिंच-राखेने तासन् तास घंगाळे घासणाऱ्या बायकांना स्टीलने खरोखर सुटका दिली. कल्हई नको, कळकणे नको, वजन हलके. घासणाऱ्या हातांनी केलेली ती निवड होती. फक्त त्या अदलाबदलीत भट्टीत काय वितळते आहे हे बघायला फार थोडे थांबले. अहमदाबादचे सुरेंद्र पटेल हे त्यांतले एक. 'विशाला' या आपल्या भोजनगृहाच्या आवारात त्यांनी १९८१ मध्ये भांड्यांचेच संग्रहालय उभे केले, आणि लोककलेचे अभ्यासक ज्योतींद्र जैन यांनी ते लावून दिले. आम्हाला ते पुण्यापेक्षा जवळ आहे. रात्री जेवायला जाणारी मंडळी शेजारचे दालन न बघताच परततात, हे मात्र मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

जपणे ही एक गोष्ट झाली. वस्तूतून नवे काही सुचणे ही दुसरी, आणि तिचा धागा बडोद्यातून इंदूरकडे जातो. १९५० मध्ये इथल्या विद्यापीठात ललितकलांचे शिक्षण सुरू झाले तेव्हा चित्रकला विभागाला वळण लावणारे ना. श्री. बेंद्रे हे मूळ इंदूरचे, द. दा. देवळालीकर मास्तरांचे शिष्य. हुसेन हेही त्याच शाळेतले. पण त्या शाळेतले माझ्या विषयाचे खरे मानकरी विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००). साऱ्या माळव्याला ते 'गुरुजी' म्हणूनच ठाऊक. कुमार गंधर्व आणि 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते यांच्या मैफलीतला हा माणूस. चित्रकलेचे रीतसर शिक्षण झालेले, हात तयार, तरी ते चौकटीतल्या चित्रात रमले नाहीत. वाळलेले पान, झाडाची साल, काटकी, फुटके बटण, घरातून केरात निघालेली कोणतीही चीज ते उचलत आणि फिरवून फिरवून बघत. एका विशिष्ट कोनात तीत पक्षी दिसे, म्हातारा दिसे, गणपती दिसे. मग फारसे काही करायचे नाही, चिकटवायचे किंवा उभे करायचे. मुलांना त्यांनी अक्षरे आणि आकडे यांतूनही आकृत्या काढायला शिकवले. त्यांची कामे नाशिवंत होती, आणि त्याची त्यांना खंत नव्हती. गौरीचा तांब्या उत्सवानंतर परत फडताळात जातो, त्याच जातीची ही वृत्ती. केळकर वस्तू वाचवत होते, गुरुजी बघण्याची सवय वाचवत होते. दोघांना एकमेकांसमोर बसवून बोलते करायला मला फार आवडले असते.

पुढच्या पिढीत बिहारचे सुबोध गुप्ता आले. त्यांनी चक्क स्टीलची भांडीच घेतली, बादल्या, डबे, पातेली, ताटे, आणि २००६ मध्ये त्यांची एक अवाढव्य कवटी केली, २००८ मध्ये अणुस्फोटाच्या ढगाचा आकार. ज्या स्टीलला आपण 'त्यात काय कला' म्हणत होतो तेच जगाच्या दालनांत जाऊन उभे राहिले. मला व्यक्तिशः ती भव्यता थोडी अंगावर येते. पण मध्यमवर्गीय घराची मांडणी आणि तिच्यामागची भूक एकाच वस्तूत दाखवणे सोपे नव्हे.

आता राहिलेल्या गोष्टीकडे, नावाकडे. ईम्स यांचे नाव अहवालावर आहे, केळकरांच्या मुलाचे संग्रहालयावर, चित्रकाराचे चित्राच्या कोपऱ्यात. आपल्या घरातल्या भांड्यांवरही नावे असतात. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली: अमक्याकडून चि. सौ. कां. तमकीस, लग्नाप्रीत्यर्थ, आणि खाली साल. कधी कै. सासऱ्यांच्या स्मरणार्थ. पण ज्याने भांडे ठोकले त्याचे नाव मी एकाही तांब्यावर पाहिलेले नाही. देणारा आहे, घेणारी आहे, घडवणारा नाही. पुण्याच्या तांबट आळीत अजून थोडी घरे हे काम करतात आणि नव्या पिढीतले डिझाइनर त्यांच्याकडून दिवे, ताटे, पेले घडवून घेतात. तिथे तरी एखाद्या भांड्याच्या बुडाशी कारागिराचे नाव उमटावे. खर्च काही फार नाही, चार ठिपके जास्त.

आणि जी नावे आहेत त्यांचेही मोल कमी नाही. लग्नानंतर बाईचे नाव-आडनाव दोन्ही बदलत असे. पणजीचे माहेरचे नाव आज घरात कोणाला सांगता येत नाही, कुठल्या कागदावरही ते नसते, पण रुखवतातल्या पितळी डब्याच्या झाकणावर ते असते, गावासकट. महाराष्ट्रातून बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला चंबूगबाळे घेऊन आलेल्या आपल्या कुटुंबांच्या इतिहासाची साधने अशी फडताळात वरच्या फळीवर आहेत. दांडिया बाजारातले वाडे जाऊन तिथे इमारती उभ्या राहताहेत. सदनिकेत हंडा-कळशीला जागा नाही, हेही मला मान्य आहे. भांडे द्यायचे तर द्यावे. तराजूवर चढण्याआधी मात्र ते उलटेसुलटे करून बघावे. अक्षरे झिजलेली असली तर कोरड्या फडक्याने पुसून त्यांवर चिमूटभर रांगोळी किंवा तांदळाचे पीठ चोळावे आणि वरचेवर पुसून घ्यावे. पीठ खाचांत राहते आणि नाव वाचता येते. मग दिव्याचा उजेड बाजूने पाडून फोटो काढावा, मागे साल आणि भांडे कोणाकडून आले ते लिहावे. आमच्या मंडळाच्या महाप्रसादाच्या मोठ्या पातेल्यांवरची नावे या वर्षी आम्ही अशीच उतरवून घेत आहोत. आतापर्यंत तीन वाचून झाली आहेत, त्यांतले एक मोडीत कोरलेले आहे. मोडी लिपी वाचता येणारे कोणी वाचकांत असतील तर त्यांनी उत्सवाच्या दिवसांत भांडारघराकडे जरूर यावे.